अब्बांच्या बुलेटचे चार हिस्सेदार

आमच्या घरात रविवारची सकाळ रॉकेलच्या वासाने उजाडायची. फजरची नमाज झाली, चहा झाला की अब्बा जुनी लुंगी गुंडाळून अंगणात उतरायचे. बुलेट डबल स्टँडवर चढायची, खाली गोणपाट पसरले जायचे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून पाने, पक्कड, काचपेपर आणि फिलर गेज बाहेर निघायचे. अम्मी आतून ओरडायची, "माझी परात घेतली का पुन्हा?" परात घेतलेली असायची. तिच्यात रॉकेल ओतून गाडीची चेन भिजत पडलेली असायची.

आम्ही दोघे भाऊ तोवर बॅट घेऊन मैदानावर पोहोचलेलो असायचो. दुपारी परत येऊन चकाचक गाडीवर हात फिरवायचा, मागे बसून गावभर मिरवायचे आणि मित्रांना सांगायचे की ही आमची बुलेट. कामाला कोण असायचे, हे तेव्हा आमच्या लक्षातही आले नाही. ते लक्षात यायला पुढे एक महापूर यावा लागला. त्याचीच ही हकीकत आहे.

अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते. शाळा चिपळूणपासून अठरा किलोमीटरवर, खाडीपट्ट्यातल्या एका गावात. एस.टी. दिवसातून दोनदा, तीही पावसाळ्यात भरवशाची नाही. १९८४ सालची ही तीनशे पन्नास सीसीची बुलेट त्यांनी हप्त्याने घेतली आणि निवृत्तीपर्यंत तिच्यावरूनच शाळा केली. बुलेट मूळची इंग्लंडची. आपल्या फौजेसाठी ती निवडली गेली आणि १९५५ पासून मद्रासला बनू लागली. इंग्लंडचा कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासची गाडी जवळपास त्याच जुन्या बीडाच्या इंजिनावर २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. अब्बांना या इतिहासाचे फारसे कौतुक नव्हते. ते म्हणायचे, "जुन्या गाडीचं एकच चांगलं. ती काही लपवत नाही. बिघडायच्या आधी महिनाभर सांगत असते. आपण ऐकायला पाहिजे."

ती सुरू करणे हाही एक कार्यक्रमच होता. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चावी फिरवायची आणि हेडलाइटच्या वर बसवलेल्या अ‍ॅमिटरच्या काट्याकडे बघत किक सावकाश दाबायची. पॉइंट मिटले की काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. किक जिथे घट्ट लागते तिथे पिस्टन दाबाच्या टोकाला आलेला असतो. मग डाव्या मुठीजवळचा डिकॉम्प्रेशरचा छोटा खटका ओढायचा. त्याने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडतो, दाब सुटतो आणि पिस्टन टोकापलीकडे जरासा सरकतो. खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण लाथ, पाय शेवटपर्यंत नेऊन. अर्धवट मारली तर किक उलटी येते आणि पिंढरीत असा रट्टा बसतो की दोन दिवस जिना चढवत नाही. आम्ही दोघांनीही तो प्रसाद खाल्लेला आहे. अब्बांना आम्ही कधी दुसरी किक मारताना पाहिले नाही. ताकदीने गाडी सुरू होत नाही, सब्राने होते, असे ते म्हणायचे.

चालवण्याचीही तिची स्वतःची रीत. आजच्या गाड्यांचा गिअर डाव्या पायात आणि ब्रेक उजव्या. आमच्या बुलेटला बरोबर उलट. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आमच्यातला धाकटा मित्राच्या गाडीवर शिकलेला. पहिल्यांदा बुलेट घेऊन बहादूरशेख नाक्यावर गेला, समोर टेम्पो थांबला, आणि याने सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेक लागण्याऐवजी गाडी तिसऱ्यातून चौथ्यात गेली. टेम्पोला फार काही झाले नाही, पुढचे मडगार्ड मात्र चेपले. अब्बा रागावले नाहीत. त्यांनी त्याला गाडी घरापर्यंत ढकलत आणायला लावली. एकशे साठ किलोंहून जास्त वजन. "आता पाय विसरणार नाही," एवढेच म्हणाले. पाय खरोखरच विसरला नाही.

कुंभार्ली घाट ते ठरावीक चालीने चढायचे. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा नेम. उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर ड्रमचे शू तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. इंजिनाने गाडी धरून ठेवायची आणि ब्रेक मदतीपुरता लावायचा. पाण्यातून गाडी बाहेर काढली की थोडे अंतर ब्रेक हलका दाबून चालवायची, म्हणजे शू घासून कोरडे होतात. घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद. रात्री झोपण्यापूर्वी दाराची कडी आणि पेट्रोलचा कॉक, दोन्ही ते स्वतः बघायचे.

रविवारच्या कामाला क्रम होता. आधी चेन. रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने प्रत्येक कडी साफ, मग पुसून तेल. बसवताना कुणाला तरी सीटवर बसवून, चाक फिरवत, चेन जिथे सगळ्यात ताठ असेल तिथे तिची ढील बघायची. सैल चेन उडते, पण अति ताठ चेन बेअरिंग खाते, हे लोकांना पटत नाही, असे ते सांगायचे. मग पॉइंट. फिलर गेजचे पाते सरकवून फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये आहे का ते बघायचे आणि तोंडावर काळे धरले असेल तर काचपेपरचा हलका हात. टॅपेट महिन्यातून एकदा आणि तेही इंजिन पूर्ण गार असतानाच. पिस्टन दाबाच्या टोकाला आणून पुशरॉड दोन बोटांत धरायची. ती बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फिरली नाही तर घट्ट, हलली तर सैल. याला ना गेज लागे, ना वर्कशॉप, फक्त दोन बोटे लागत.

तेलाच्या जागा तीन. इंजिनाचे वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे, क्लचकडच्या चेनकेसचे वेगळे. एक बघितले म्हणजे तिन्ही बघितले असे नाही. चाकाच्या तारा पान्याच्या टोकाने एकेक वाजवायच्या. घट्ट तार टण् वाजते, सैल तार बद्द. क्लचच्या वायरला तेल द्यायची तर गंमतच होती. परीक्षेच्या जुन्या पेपरचा शंकूसारखा पुडा करून वायरच्या वरच्या टोकाला दोऱ्याने बांधायचा, त्यात तेल ओतायचे आणि रात्रभर सोडून द्यायचे. सकाळी तेल खालच्या टोकाला उतरलेले असायचे. कोकणच्या पावसात क्रोमवर गंज दोन दिवसांत धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी पुसून रिमवर आणि हँडलवर खोबरेल तेलाचा हात. अम्मी म्हणायची, "पोरांच्या डोक्याला तेल नसेल, गाडीच्या डोक्याला आहे."

आणि हे सगळे झाले की वही. दोनशे पानी, कापडी बांधणीची. तारीख, किलोमीटर, काय केले, पुढे काय करायचे. आम्ही ती वही शेल्फवर पाहिली होती; उघडून कधी बघितली नव्हती.

२०१८ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. घर पहिल्यापासून अम्मीच्या नावावर होते. थोडेफार कर्ज होते ते फेडले गेले. मागे नाव घेण्यासारखे राहिले ते एकच, बुलेट. आणि तिच्यावरून आम्हा दोघा भावांमध्ये, मोठ्याने कधी काही न बोलता, कुरबूर सुरू झाली. थोरल्याचे चिपळूणमध्ये दुकान. त्याला वाटे गाडी इथेच राहावी. धाकटा पुण्याला नोकरीत. त्याला वाटे आपण ती नेऊन पुन्हा रंगवून घ्यावी. दोघेही म्हणायचे, "अब्बांची आठवण आहे." दोघेही दुसऱ्याला चावी देत नव्हतो. मग तडजोड म्हणून कुणीच चालवायची नाही असे ठरले. पडवीत उभी करून वर ताडपत्री टाकली. तिला आम्ही फार जपले, अशी आमची समजूत.

खरे तर उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. टाकीतले पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि कार्बोरेटरची बारीक भोके बुजवतो. बॅटरीचे पाणी आटते. या इंजिनात तर तेलाची टाकी पोटातच असते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरते आणि वरचे भाग कोरडे पडतात. ताडपत्रीखाली कोकणची दमट हवा कोंडते ती वेगळीच. दर पाच वर्षांनी करायचे नोंदणीचे नूतनीकरण २०१९ मध्ये होते, तेही निघून गेले. आठवण जपता जपता अडीच वर्षांत आम्ही गाडी मारत आणली होती.

आपा, आमची थोरली बहीण, कराडला दिलेली. तिला या गाडीबद्दल आम्ही एका शब्दाने विचारले नव्हते. बहिणीला बुलेट कशाला लागते?

२०२१ मध्ये बकरी ईद २१ जुलैला होती. धाकटा पुण्याहून आला होता. रात्रभर पाऊस कोसळत होता. २२ तारखेच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी शहरात शिरले. चिपळूणकरांना पाणी नवे नाही. २००५ चा पूर आम्ही पाहिलेला होता. त्या हिशेबाने सामान माळ्यावर टाकले. पण पाणी तो हिशेब ओलांडून गेले. अम्मीला, मुलांना आणि कागदपत्रांच्या पिशवीला घेऊन आम्ही शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर चढलो. पडवीत बुलेट उभी होती. दोघांनी मिळूनही ती उचलता येण्यासारखी नव्हती. वरच्या खिडकीतून आम्ही आधी चाके, मग टाकी, मग हेडलाइट पाण्याखाली जाताना पाहिले. त्या दिवशी लोकांनी माणसे गमावली, आयुष्याची कमाई गमावली. एका मोटरसायकलचे दुःख करण्याची आमची लायकी नव्हती, आणि आम्ही ते बोलूनही दाखवले नाही.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. भिंतीवर पाण्याची रेघ हेडलाइटच्या हातभर वर. दुकानातला मालही गेला होता. तीन दिवस सगळे शहर फावडे घेऊन चिखल उपसत होते. बाहेरून मदत घेऊन आलेल्यांनी धर्म विचारला नाही आणि आम्हीही कुणाला नाव विचारले नाही. भंगारवाला दारात आला, बुलेटकडे पाहून वजनाच्या भावाने आकडा बोलला. थोरला थकलेला होता, हो म्हणायच्या बेतात होता. धाकटा म्हणाला, "एकदा किक मारून तर बघू. फिरली तर फिरली." त्याने पाय किकवर ठेवला, आणि नेमका तेव्हा, तीन दिवसांनी पहिल्यांदा फोन लागला.

आपा होती. रडत होती. अम्मी बरी आहे ना, मुलं बरी आहेत ना, घर उभं आहे ना. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "गाडीला किक मारली का?"

"आता मारतोच आहोत."

"मारू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की अम्मी दचकली. "सिलिंडरमध्ये पाणी असेल. पाणी दबत नाही. जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. आणि आत गाळ असेल तर बोअरला ओरखडे पडतील. हात लावू नका तिला. आधी बाहेरून स्वच्छ पाण्याने धुवा, काही उघडायच्या आधी. मग प्लग काढा, तिन्ही ठिकाणची तेलं सोडा आणि प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवा. मी येते."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या बहिणीला कनेक्टिंग रॉड माहीत होता.

रस्ता सुरू झाल्यावर आपा आणि दुल्हेभाई आले. भांडी, चादरी, तांदूळ, औषधे आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली ती कापडी बांधणीची वही. अब्बांच्या चाळिसाव्यानंतर कराडला परतताना तिने अम्मीला विचारून घरातून एवढी एकच वस्तू नेली होती. आम्हाला तिचे शेल्फवर नसणेही जाणवले नव्हते. ती नेली म्हणून राहिली; शेल्फवर असती तर लगदा झाली असती.

त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात आम्ही वही पहिल्यांदा उघडली. १९८४ पासूनची पाने अब्बांच्या बारीक अक्षरात. आणि १९८८ पासून मधूनमधून दुसरे अक्षर, गोल आणि शाळकरी. "टॅपेट बघितले. आत येणाऱ्याची रॉड सैल होती, अब्बांनी मला करू दिली." "पॉइंट साफ. फट मी मापली." "आज पहिल्याच किकला सुरू, मी मारली." लग्न होईपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक रविवारी ते अक्षर होते. आम्ही मैदानावर असताना ती गोणपाटावर अब्बांच्या शेजारी बसलेली होती. परातीतली चेन तिने धुतलेली होती. ज्या चकाचक गाडीवरून आम्ही मिरवलो, ती निम्मी तिच्या हातची होती.

पुढचे तीन महिने गाडीचे काम चालले. दुकान उभे करायचे होते, घर कोरडे करायचे होते; म्हणून गाडीला फक्त रविवार. आपा महिन्यातून एखाद्या रविवारी यायची, बाकीच्या रविवारी फोनवर. आधी टाकी काढून रिकामी केली. पाणी पेट्रोलच्या खाली बसते, म्हणून तळाचे शेवटच्या थेंबापर्यंत काढावे लागते. इंजिनातून आधी गढूळ पाणी आले, मग चहासारखे दुधाळ तेल. स्वस्त तेल आणि डिझेल घालायचे, प्लग काढलेलाच ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची, मागचे चाक हाताने हळूहळू फिरवायचे आणि सगळे सोडून द्यायचे. असे तीनदा. चौथ्या वेळी तेल तेलाच्या रंगाचे निघाले. दोन्ही चाकांच्या ड्रममध्ये मूठमूठ गाळ होता. बेअरिंगे नवी टाकली. कॉइल आणि वायरिंग वाळवायला ऊन नव्हतेच. अम्मीने चुलीजवळ दोरी बांधली, तिच्यावर एका बाजूला मुलांचे गणवेश आणि दुसऱ्या बाजूला बुलेटच्या वायरी. एक ओळखीचे मिस्त्री रात्री येऊन हेड उघडून गेले. बोअरला गंजाची पुसटशी कडी धरली होती. होनिंग करून, नव्या रिंगा टाकून भागले. ते म्हणाले, "कुणी किक मारली असती तर गोष्ट वेगळी होती." आम्ही काही बोललो नाही. बॅटरी, कंडेन्सर, पॅकिंग, केबल सगळे धरून खर्च चोवीस हजार.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती सुरू करायची ठरली. आम्ही दोघांनी एकमेकांना "तू मार, तू मार" केले. आपाने ओढणी खोचली, चष्मा अम्मीकडे दिला, काट्याकडे पाहत किक सावकाश दाबली, खटका ओढला, सोडला. आणि बिस्मिल्लाह म्हणून एकच पूर्ण लाथ. पहिल्या किकला नाही झाली. दुसऱ्याला खोकली. तिसऱ्याला तो आवाज आला, सावकाश, एकेक ठोका मोजता येईल असा. अम्मी उंबऱ्यावर बसली होती. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघा भावांनी आधी एकमेकांशी आणि मग आपाशी ते बोलणे काढले, जे अडीच वर्षांपूर्वी काढायला हवे होते. वारसांचे हिस्से सूरह निसामध्ये स्पष्ट आहेत. जुमाच्या बयानात ते आम्ही किती वेळा ऐकले असतील, आणि दुसऱ्यांच्या घरात बहिणीला वगळले की मान हलवून वाईटही म्हटले असेल. आपल्या पडवीत उभ्या असलेल्या गाडीवर ते लागू होते, हे मात्र सुचले नाही. मिस्त्रींनी चालू स्थितीत किंमत ऐंशी हजार धरली. अम्मीचा आठवा हिस्सा दहा हजार. उरलेल्या सत्तर हजारांत आम्हा भावांचे अठ्ठावीस-अठ्ठावीस, आपाचे चौदा. आम्ही चौदा हजार पाकिटात घालून तिच्यापुढे ठेवले आणि उशिराबद्दल माफी मागितली.

खरे सांगायचे तर मनात अशी अपेक्षा होती की ती म्हणेल, "मला काय करायचंय, मी माफ केलं." बहिणी असेच म्हणतात. त्यांनी तसे म्हणावे अशी आपण सोय करून ठेवलेली असते.

आपाने पाकीट परत आमच्याकडे सरकवले. "माफ नाही केलं," ती हसून म्हणाली. "विकलंही नाही. मला पैसे नकोत, गाडीतला हिस्सा हवा. तो आहे तसा राहू द्या." मग स्वतःच्या पर्समधून मोजून चार हजार दोनशे रुपये काढले. "आणि खर्च चोवीस हजार झालाय. माझ्या हिश्श्याचे एवढे होतात. हिस्सा घ्यायचा तर रॉकेलही माझंच."

आम्ही नको म्हणू लागलो, तेव्हा अम्मी म्हणाली, "घ्या. तिच्या बापाने तिला हिशेब शिकवलाय." आणि तिने आपले तीन हजार पुढे केले.

कागदपत्रांचे काम त्यानंतरचे. वाहनमालक वारला तर वारसाने आर.टी.ओ.त नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. आम्ही तेही टाळले होते, म्हणून चुकलेल्या नूतनीकरणाबरोबर तो दंडही भरला. नोंदणी पुस्तकावर नाव एकाचेच लागते. ते अम्मीचे लावले. तिला लायसन्स नाही, पण मालक व्हायला लायसन्स लागत नाही. वाचकांपैकी कुणाच्या पडवीत अशी मरहूमांच्या नावाची गाडी उभी असेल तर त्यांनी हे काम लांबवू नये. पाणी भरलेल्या गाडीला किक मारू नये, आणि वारसांना विचारल्याशिवाय ताडपत्री टाकू नये, एवढेच आमच्या अनुभवावरून सांगतो.

नव्या रिंगा होत्या, म्हणून पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या आत चालवली. आता गाडी वर्षातले आठ महिने चिपळूणला, दोन महिने पुण्याला आणि दोन महिने कराडला असते. ज्याच्याकडे असेल त्याने निदान आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवायचीच, नुसती जागेवर सुरू करून बंद करायची नाही. इंजिन पुरते तापले तरच आतली वाफ उडून जाते. पावसाळ्यात घाटापलीकडे कराडला. रविवारचे काम ज्याचे त्याने करायचे आणि वहीत लिहायचे. जुनी वही भरली, दुसरी सुरू आहे. तिच्या पहिल्या पानावर चौघांचे हिस्से लिहिलेले आहेत आणि खाली चौघांच्या सह्या.

मागच्या महिन्यात गाडी कराडहून आणायला आम्ही दोघे गेलो होतो. निघताना आपाच्या मुलीने वही हातात दिली. शेवटच्या ओळीत नवे, गोल, शाळकरी अक्षर होते: "पॉइंटची फट मी मापली."

अम्मीला आम्ही विचारले, तुझा आठवा हिस्सा कधी वापरणार? तिने उत्तर दिले नाही. पण रविवारी काम संपवून थोरला गाडी फिरवायला निघाला, तेव्हा ती चप्पल घालून दारात तयार होती. मागच्या सीटवर एका बाजूने बसली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सावकाश. गोवळकोटपर्यंत जाऊन येऊ. अब्बा तिथपर्यंतच न्यायचे."